बुडालेल्या रेल्वेंचे मालक

जगात आजवर जेवढ्या रेल्वे कंपन्या बुडाल्या, त्या सगळ्यांचे मालक एकच गृहस्थ आहेत, आणि त्यांना मी चार वर्षं दर महिन्याला घरभाडं दिलं. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मागच्या गल्लीत ते खाली राहायचे, मी वर. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे कानडी मुलखात आलेलं, त्यामुळे पुण्याहून नोकरीला आलेल्या माझ्याकडे ते काल संध्याकाळी टपकलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत. सरकारी कचेरीत राहून माणसं बढत्या जमवतात, जमिनी जमवतात, निदान शत्रू तरी जमवतात. अण्णांनी जुन्या रेल्वे कंपन्यांचे बाँड आणि शेअर सर्टिफिकिटं जमवली. अमेरिकेतली, अर्जेंटिनातली, झारच्या रशियातली. कोपऱ्यात धूर सोडणारं इंजिन, मधोमध जेमतेम कपड्यांतली कुणी देवता आणि खाली लफ्फेदार सह्या. कंपन्या केव्हाच गेल्या, त्यांचे अध्यक्ष गेले, भागधारक म्हणून एकटे अण्णा तेवढे हयात होते.

कागद बघायचा म्हणजे त्यांचं सोवळंच असे. आधी हात धुवायचे, मग पंच्यानं कोरडे करायचे, मग भिंग काढायचं. सही शाईची की छापलेली, व्याजाची कुपनं शाबूत आहेत की कापून नेलीत, कागद रद्द करताना त्याला भोकं पाडलीत का, हे सगळं पाहून झाल्यावर निकाल लागायचा. नफ्यात चाललेल्या कंपनीला त्यांच्या कपाटात जागा नसे, कारण तिनं लाखांनी शेअर छापलेले असणार. जी पहिलं इंजिन यायच्या आत बुडाली, तिचं मात्र नाव काढताना त्यांचा आवाज ओला व्हायचा. लवकर बुडणं हाच त्यांच्या लेखी खरा सद्गुण होता.

ही पारख कागदापुरती राहिली असती तर माझी तक्रार नव्हती. मी लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, कोपरा चोळला आणि म्हणाले, "छपाई बरी आहे. पण पाचशे तरी काढल्या असशील. दुर्मिळ नाही." लग्नाला आले, जेवले, आहेर केला, पण मत बदललं नाही. माझ्या कंपनीनं मला शेअर दिले तेव्हा मी जरा तोऱ्यातच सांगायला गेलो. त्यांनी कागद मागितला. कागद नसतो, सगळं कॉम्प्युटरवर असतं, असं मी समजावलं. त्यांनी माझ्याकडे एवढ्या कणवेनं पाहिलं की मला माझीच दया आली. "मग उद्या कंपनी बुडाली तर तुझ्या हातात काय राहणार?"

त्यांच्या संग्रहाचा मुकुटमणी होता आनेकलचा कागद. इंग्रजी अमदानीत कुणी हौशी मंडळींनी आमच्या जवळच्या आनेकल गावापर्यंत रेल्वे न्यायची ठरवली, कंपनी काढली, सुंदर शेअर छापले आणि मंडळी तिथेच दमून थांबली. रूळ पडलाच नाही. ज्या रस्त्यावर मी रोज कॅबमध्ये बसून म्हातारा होत होतो, त्याच रस्त्याची ही कंपनी, त्यामुळे तिच्याबद्दल मला विशेष जिव्हाळा वाटत नसे. अण्णांना मात्र वाटे. सातव्या नंबरचा शेअर, दोन्ही सह्या शाईच्या, एकही भोक नाही. दुसरी प्रत कुणी पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं. विकायची त्यांना घाई नव्हती. एखाद्या जाणत्या माणसानं तो खरा म्हणावा आणि दुर्मिळ कागदांच्या छापील सूचीत त्याखाली आपलं नाव यावं, एवढीच चाळीस वर्षांची आस होती.

शेवटी मुंबईहून एक लिलाववाले पारखी यायचे ठरले. अण्णांनी तीन दिवस आधी दाढी करून पाहिली. मलाही बोलावलं होतं, पारख्याशी हिंदीत चार शब्द बोलायला. सकाळी मी खाली उतरलो तेव्हा अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, लगबगीनं बाहेर आल्या. या बाईंनी जन्मभर त्या कपाटाला रद्दी सोडून दुसरा शब्द वापरला नव्हता. आज त्यांच्या हातात आनेकलचा कागद होता. चकचकीत. बसस्टँडजवळच्या दुकानात नेऊन त्यांनी तो लॅमिनेट करून आणला होता. आपली मार्कलिस्ट, घराचा खाता म्हणजे मालकीचा उतारा, नातवाची पत्रिका, सगळं त्यांनी तसंच तर जपलं होतं. "पाहुणे कॉफीचे हात लावतील," त्या म्हणाल्या. "आता स्वल्पसुद्धा काही होणार नाही त्याला."

प्लास्टिक गरम करून चिकटवलेला जुना कागद पारख्यांच्या दृष्टीनं मेलेला असतो, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. काढायला जावं तर शाई सालीसकट निघते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कागद दोन्ही हातांत घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. छान झालंय."

पारखी आले. रशियन बाँड पाहून मान डोलावली, दोन अमेरिकन कागद नेहमीचेच म्हणून बाजूला सारले. मग त्यांनी आनेकलचा मागितला आणि हातात येताच त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते शब्दांत यायला एक क्षण उरला होता. अक्का कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. अण्णा घाईनं म्हणाले, "हा नुसता बघायला. सूचीत घालायचा नाही. आमच्या घरातलीनं स्वतः जपून ठेवलाय." पारख्यानं एकदा अक्कांकडे पाहिलं, वही मिटली आणि कॉफी छान झाल्याचं सांगितलं. सूची पुढं छापून आली. तीत अण्णांचं नाव नव्हतं.

चार दिवसांनी मी न राहवून विचारलं, अक्कांना कधी सांगणार. ते भिंग पुसत होते. पुसतच राहिले.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझा कागद हातात घेतला रे," ते म्हणाले. "तोही टाकायला नाही, ठेवायला. आता तिला काय सांगू, त्याची किंमत गेली म्हणून?"

एरवी अशा वेळी मला काहीतरी खवचट हमखास सुचतं. त्या दिवशी मी कॅब आल्याचं खोटंच सांगितलं. आता मी व्हाइटफील्डला मोठ्या फ्लॅटमध्ये राहतो आणि अण्णांची फार आठवण येते. परवा बायकोनं माझा एक आवडता जुना शर्ट उकळत्या पाण्यात घालून त्याचा पार बोळा केला. डाग जावा म्हणून केलं, म्हणाली. मी तो उजेडात धरला, उलटा केला आणि छान झालाय म्हणालो.