वळणावरची गाडी

आमची वाडी डोंगराच्या माथ्यावर आहे. एसटी वर येत नाही. ती पोलादपूरहून निघते, खालच्या रस्त्याने आतल्या शेवटच्या गावापर्यंत जाते आणि तिथून परत फिरते. जाताना समोरच्या डोंगराच्या एका वळणावर ती थोडा वेळ दिसते. तिथून परत आमच्या फाट्यावर यायला तिला अर्धा तास लागतो, आणि आम्हाला वाडीतून फाट्यावर उतरायलाही तेवढाच. म्हणून वाडीत आधीपासूनची पद्धत अशी, की सकाळी एकाने टोकाच्या कातळावरून वळणाकडे बघायचं आणि गाडी दिसली की हाक द्यायची. मग ज्याला महाडला, पोलादपूरला जायचं असेल त्याने पिशवी उचलायची. आधी खाली जाऊन बसण्यात अर्थ नसतो. गाडी कधी येईल, येईल का नाही, हे कुणालाच माहीत नसतं.

लग्न होऊन आले तेव्हापासून ही हाक माझी होती. कुणी नेमून दिली नव्हती. आमचा गोठा कातळाला लागून, शेण काढताना मान वर केली की वळण दिसायचं. मी मुळात कमी बोलणारी. बचत गटाच्या बैठकीत माझं नाव घेतलं तरी पदर तोंडाशी जातो. चौथीत असताना बाईंनी कविता म्हणायला उभं केलं होतं, तेव्हाही मी रडून खाली बसले होते. पण "गाडी आली गोऽऽ" ही हाक मी अशी द्यायचे, की शेजारच्या कुडावरची कोंबडी उडायची. वाडीने माझा आवाज ऐकला असेल तर तेवढाच.

गाडी ओळखायची माझी एक खूण होती. लाल रंगावर मी कधीच जात नसे. लाल डंपर असतात, लाल टेम्पो असतात. एसटी वळणावर आडवी झाली की तिच्या खिडक्यांतून पलीकडचा उजेड दिसतो, ओळीने, पेरलेल्या वाफ्यासारखा. उजेड आरपार दिसला की एसटी, नाहीतर दुसरं काहीतरी.

दोन वर्षांपूर्वी मी महाडच्या एका व्यापाऱ्याचं काळे मणी ओवायचं काम घरी घेतलं. मोहरीपेक्षा बारीक मणी. दुपारभर आणि संध्याकाळी चुलीच्या उजेडात मी ताट मांडीवर घेऊन बसायचे. मान वर करायची आठवणच राहायची नाही. हळूहळू डोळे चुरचुरायला लागले, कपाळ ठणकायचं. आणि एक दिवस वळणाकडे बघितलं तर तिथे खिडक्या नव्हत्या. नुसता लाल ठिपका पुसटसा सरकत होता.

मी कुणाला सांगितलं नाही. ठिपका लाल होता म्हणून हाक दिली. सात-आठ माणसं खाली धावली आणि फाट्यावर उन्हात बसून परत आली. तो डंपर होता. "आमची वाटाडी आंधळी झाली काय गो?" म्हणून सगळे हसले. मीही हसले, पण भीती बसली. पुढच्या आठवड्यात तसाच ठिपका दिसला आणि मी गप्प राहिले. ती एसटी होती. शेजारच्या मुलीची त्या दिवशी महाडला प्रात्यक्षिक परीक्षा होती. वेणी घालून, पिशवी खांद्याला अडकवून ती माझ्या हाकेची वाट बघत उंबऱ्यावर उभी होती. तिच्या शिक्षकांनी नंतर दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली हे खरं, पण ती रडत होती ते मी ऐकलं.

तिचा बाप चार माणसांसमोर म्हणाला, "आजपासून डेपोत फोन करायचा. डोळ्यांचा भरवसा नाय."

देवळामागे एका जागी फोनला रेंज येते. दुसऱ्या दिवसापासून तो तिथे उभा राहून फोन लावायचा. मी गोठ्यात खाली मान घालून शेण काढायचे.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या जाऊबाई मुंबईहून कायमच्या गावी आल्या. दिराची नोकरी संपली होती. जाऊबाई तिथल्या एका बागेत रोज सकाळी बायकांच्या गटाबरोबर व्यायाम करायच्या. चिगाँग म्हणायच्या त्याला, चिनी लोकांचा व्यायाम. मी गाडीकडे का बघत नाही, हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं.

"आधी डॉक्टर," त्या म्हणाल्या. "व्यायाम मग. मोतीबिंदू असेल तर मी काय हात फिरवून काढणार हाय काय?"

पोलादपूरला तपासणीचं शिबिर होतं तिथे मला घेऊन गेल्या. डॉक्टर बाईंनी डोळ्यांत थेंब घातले, दिवा लावून बघितलं. मोतीबिंदू नव्हता, चष्म्याचा नंबरही नव्हता. त्या म्हणाल्या, जवळचं बघून बघून डोळे आखडलेत, आणि धुराने कोरडे पडलेत. मणी ओवताना थोड्या थोड्या वेळाने लांब बघा, पापण्या मिटा, चुलीच्या उजेडात काम करू नका. मी घाबरत विचारलं, व्यायामाने बरं वाटेल का? त्या म्हणाल्या, "व्यायामाने नंबर जात नाही, हे लक्षात ठेवा. पण तुमचा तर थकवा आहे. थकवा जाईल."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जाऊबाईंनी मला कातळावर उभं केलं. गुडघे जरा वाकवायचे, हात पुढे गोल करायचे. बागेत म्हणे मोठा चेंडू धरल्यासारखं करा म्हणून सांगायचे. मला ते जमेना. मग त्या म्हणाल्या, "धान्याची कणगी कवेत घे." ते मला लगेच कळलं. श्वास पोटात उतरवायचा, सावकाश सोडायचा. मग तळवे चोळून गरम करायचे आणि डोळ्यांवर ओंजळीसारखे धरायचे, दाबायचे नाहीत. आतला अंधार दाट झाला की हात काढायचे. मग अंगठा नाकासमोर धरून त्याच्याकडे बघायचं आणि लगेच समोरच्या डोंगराकडे. अंगठा, डोंगर, अंगठा, डोंगर. शेवटी डोंगराची धार डोळ्यांनी गिरवायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान न हलवता.

पलीकडची म्हातारी आजी रोज अंगणातून ओरडायची, "काय गो, कणगी चोरून नेताय काय दोघी? आत नाचणी तरी हाय काय?"

"हाय तर! तुमच्याच घरची हाय!" जाऊबाई हात न हलवता उत्तर द्यायच्या. मला हसू यायचं आणि श्वास चुकायचा.

सर्वांत कठीण होतं ते नुसतं डोळे मिटून बसणं. जाऊबाई म्हणायच्या, सगळ्यांत लांबचा आवाज शोध. पहिल्या दिवशी मला फक्त चुलीवर ठेवलेलं दूध आठवत होतं. पुढे पुढे आमच्या गाईची घंटा ऐकू यायला लागली, मग खालच्या ओढ्याचं पाणी, आणि एकदा तर कुणीतरी कुठेतरी लाकूड फोडत होतं, घाव दिसून गेल्यावर आवाज येतो तसा, उशिरा आणि बारीक. मी कुठेही न जाता इतक्या लांब कधी गेले नव्हते.

मणी मी सोडले नाहीत. पण आता ताट घेऊन अंगणात बसते, एक सर झाला की डोंगर बघते. महिन्याभराने कपाळ ठणकायचं थांबलं. चुरचुर गेली. वळणाकडे मात्र मी मुद्दाम बघत नव्हते. तिथे अजून नुसता ठिपकाच असला तर?

मग तो दिवस आला. शेजारच्या त्याच मुलीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी महाडला मुलाखतीला बोलावलं होतं. बापाने सकाळीच फोन लावला. परत येऊन म्हणाला, "गाडी बंद पडली हाय. आज येत नाय." वाडीत त्या वेळी एकही मोटारसायकल नव्हती. एकच होती, ती पोलादपूरला गेलेली. मुलगी पायरीवर बसली, वेणी घातलेली, पिशवी मांडीवर. तशीच, त्या दिवशीसारखी.

मी कातळावर हात गोल धरून उभी होते. डोंगराची धार गिरवत माझी नजर आपोआप खाली उतरली आणि वळणावर आली. काहीतरी लाल आडवं झालं. आणि त्या लालामधून उजेड आला. एक, दोन, तीन, चार. खिडक्या. आरपार. मग झाडी आली आणि गाडी गेली.

हाक कधी सुटली ते मला कळलं नाही. "गाडी आली गोऽऽ!"

बाप अंगणात आला. "कसली गाडी? डेपोवाले नाय म्हणाले ना!"

एरवी मी आत गेले असते. त्या दिवशी पदर खांद्यावरच राहिला. "डेपोवाल्यांना वळण दिसत नाय," मी म्हणाले. "मी खिडक्या बघितल्या. उजेड आरपार होता."

"मागेपण बघितलेलंस तू."

"मागे खिडक्या दिसल्या नव्हत्या. आज दिसल्या." आणि मुलीकडे वळून मी ओरडले, "बसलीस काय पोरी, पळ!"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. काय बघितलं ते तिलाच ठाऊक. "बाबा, मी चालले," म्हणाली आणि पायवाटेला लागलीसुद्धा. बाप "अगो थांब, थांब" करत चपला शोधत तिच्यामागे धावला.

तो अर्धा तास मी कातळावरून हलले नाही. जाऊबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. खाली फाट्याचा एक तुकडा झाडांच्या फटीतून दिसतो. तिथे पिवळी ओढणी येऊन थांबली. मग लाल रंग सरकत आला, थांबला. निघाला तेव्हा पिवळं काही तिथे नव्हतं. नुसता एक माणूस उभा होता, आणि तो गाडी दिसेनाशी होईपर्यंत तसाच उभा राहिला.

त्याने वर येऊन सांगितलं, बंद गाडीच्या जागी दुसरी गाडी लावली होती. माझ्याकडे न बघताच सांगितलं. मुलीला प्रवेश मिळाला, हे संध्याकाळी कळलं. ती पेढे घेऊन आधी आमच्या घरी आली आणि मग स्वतःच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात होते. मुलीच्या बापाला महाडला जायचं होतं. फोन खिशात असून तो देवळामागे गेला नाही. अंगणात पिशवी ठेवून त्याने आवाज दिला, "वहिनी, दिसली काय गो गाडी?"

मी टोपली खाली ठेवली, कातळावर चढले आणि म्हणाले, "अजून नाय. बसा. मी सांगते."