लाल फडक्यातले आकाशदेव

हसा, पण चहा सांडू नका. दवाखान्यातल्या अख्ख्या वॉर्डाला आपण उल्लू बनवलं, असं एका पन्नाशीच्या माणसाला वाटत होतं, त्याची ही गोष्ट. तो माणूस म्हणजे मीच हो!

बाबा भिलाईच्या दवाखान्यात खाटेवर होते. उभं आयुष्य भट्टीपुढे गेलेलं, आता छातीत हवा ठरत नव्हती. मी हथखोजच्या कारखान्यातून सुटलो की त्यांच्या उशाशी बसायचो आणि रडायचो. दुसरं काय करणार?

एके दिवशी तेच म्हणाले, "सुऱ्या, कावून रडून राहिला? लहानपणी लपूनछपून वाचत होता नं, ते वाच मले."

लपूनछपून म्हणजे कॉमिक! त्यापायी याच बाबांच्या हातचा मार खाल्ला होता! माळ्यावरून एक जुनं कॉमिक काढलं. पण या वयात चारचौघांत वाचायचं कसं? त्याला आईच्या पोथीचं लाल फडकं गुंडाळलं. काय माझी हुशारी!

कॉमिक हिंदी, मी आमच्या बोलीत सांगायचो. "आकाशातून पहाडाएवढे देव उतरले. त्याईनं धरतीवरचे जीव उचलले. कोनाले पंख लावले, कोनाले चार हात देले. म्हनाले, पाहू, कोन टिकते!"

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते. त्यांच्या बायकोनं, रिसालीच्या शांताकाकूंनी, एका संध्याकाळी चक्क हात जोडले.

आता तुम्हीच सांगा, तेव्हाच खरं बोलायला काय झालं होतं मला? नाही बोललो! दुसऱ्या दिवशी काकूंनी अगरबत्ती पेटवली. ऑक्सिजनच्या नळीपाशी! सिस्टर किंचाळत आली. तिसऱ्या दिवशी साखरेचा प्रसाद. चौथ्या दिवशी आणखी चार बायका आल्या आणि काकूंनी मलाच दटावलं, "चप्पल काढा भाऊ, पोथी हाय!"

मी आपल्याच कॉमिकपुढे अनवाणी. पण खरं सांगतो, मजा यायला लागली होती. वर बसून माणसांवर प्रयोग करणारे ते देव, त्यांच्यातलाच एक झालो होतो मी.

मग शेवटचं पान आलं. देव म्हणाले, प्रयोग फसला, ही जात पुसून टाका. आणि खाली लिहिलेलं, बाकी पुढच्या अंकात. तो अंक माझ्याकडे कधीच नव्हता.

"मंग? ठेवलं का देवानं त्याईले?" काकूंनी विचारलं. बाबांनीही डोळे उघडले.

मनानं काहीतरी ठोकून द्यायला कितीसा वेळ लागला असता? पण नाही, मी भाव खाल्ला. "उद्या सांगतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत बाबा गेले.

एवढंसं विचारलं होतं माणसानं डोळ्यांनी, तेही सांगितलं नाही. फार लागलं हो मनाला. तेरवीला काकू आल्या तेव्हा पंगतीत त्यांच्याशेजारीच बसलो. "काकू, मी पापी मानूस हावो. ते पोथी नव्हती. कॉमिक होतं."

"माहीत हाय मले," काकू पुरी मोडत म्हणाल्या. "प्यांटावरून चड्डी घातलेला देव कोनत्या पोथीत असते, बाप्पा? सारी चित्रं दिसत होती मले."

"मंग हात कावून जोडत होत्या?"

"तुमच्या बाबानंच सांगतलं होतं आमाले. म्हने, पोरगं वाचते तवा रडत नाही, आयकून घ्या त्याचं थोडे दिवस."

वाचायला हाताशी काहीच नव्हतं. मी तिथंच, भरल्या पंगतीत, भोकाड पसरलं.