आत्याबाईचा चहा आणि अरबी समुद्र

आमच्या आत्याबाईनं चहा सोडला, आणि त्याला अरबी समुद्र जबाबदार होता.

आमचं गाव दर्यापूरच्या पलीकडे. काळी माती, कपाशी, आणि विहिरींना खारं पाणी. (नवा जावई आमच्याकडे पहिला घोट घेऊन चूळ भरायला उठायचा, आम्ही त्याच पाण्यावर वाढलो.) समुद्र तिथून इतका दूर, की गावातल्या कुणी तो पाहिला नव्हता आणि समुद्रानंही आमचं गाव पाहिलं नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं. मधे मी शिकलो!

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. (हे वाक्य पुढेही एकदोनदा येईल, सहन करा. आमच्या बाबांनी तर ते बैलांनासुद्धा सांगितलं होतं.) आणि मी पास व्हावं म्हणून नवस बोलायचं खातं आत्याबाईकडे होतं. ही बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परत आली, आणि तेव्हापासून घरात तिचाच कारभार. तिचं नवसाचं गणित सरळ होतं: परीक्षा जेवढी मोठी, तेवढं पाणी मोठं! मी चौथी पास झालो तेव्हा तिनं गावतळ्यात स्नान केलं. मॅट्रिक झालो तेव्हा पूर्णा नदीत. इंटर झालो, तर थेट ओंकारेश्वरला जाऊन नर्मदेत. बी.ए.च्या परीक्षेआधी ती माझ्या उशाशी येऊन बसली.

"बापू, नर्मदेहून मोठं पानी कोन्तं रे?"

मी अभ्यासात होतो. मान वर न करता म्हणालो, "समुद्र."

त्या एका शब्दाचे परिणाम मी पुढे पाच महिने भोगले.

निकाल लागला, पेढे वाटले, आणि आत्याबाईनं जाहीर केलं, "समुद्रात आंघोळ होत नाई, तवरोक मी चाहाले शिवनार नाई."

आत्याबाई म्हणजे सकाळी दोन कप, दुपारी एक, आणि येईल त्या पाहुण्यासोबत एक घेणारी बाई. तिचा चहा सुटला आणि आमचं घर हादरलं. चौथ्या दिवसापासून बाबा दोन्ही वेळा वावरातच जेवू लागले. मांजर शेजारी राहायला गेलं. मायची तर फारच पंचाईत! नणंदेनं चहा सोडलेला, मग तिच्यासमोर कप तोंडाला कसा लावणार? ती गोठ्यात जाऊन गाईच्या आड चहा पिऊ लागली. आत्याबाईला वास आला की ओसरीवरून आवाज यायचा, "गाय चाहा पिऊन राह्यली वाट्टे!"

तेव्हा लवकर समुद्र गाठणं भाग होतं. त्यात गावचे जोशी महाराज आडवे आले.

"समुद्राले केव्हाही शिवू नये. पर्वकाळच पाहिजे. अमावास्या, नाही तर पौर्णिमा."

"महाराज," मी म्हणालो, "नेमकं त्याच दिवशी समुद्राले उधाण असते! चंद्र आणि सूर्य दोघं मिळून पाणी ओढतात. लाटा केवढ्या उठत असतील! आत्याबाई वाहून जाईन ना!"

महाराजांनी पंचांग मिटलं. "शास्त्र हे असं आहे. वाहून जाण्याचं तुमच्या बी.ए.मध्ये पाहा."

आत्याबाईनं तिथंच निकाल दिला. "दिवस महाराज सांगतीन. वेळ बापू सांगन. तो बी.ए. हाय."

झालं! त्या दिवसापासून समुद्राची देखरेख माझ्याकडे आली.

मी तेव्हा नुकताच अमरावतीला एका शाळेत भूगोलाचा मास्तर लागलो होतो. (समुद्र न पाहता समुद्र शिकवत होतो. मुलांनीही पाहिला नसल्यानं कुणाची तक्रार नव्हती.) चौकातल्या हॉटेलात रेडिओ होता. संध्याकाळी मुंबईचं हवामान लागलं की मी कान देऊन उभा. पावसाळा सुरू झालेला. रोजचं एकच: वारे जोराचे, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. शनिवारी मी दर्यापूरला मोटारीतून उतरलो की गावची माणसं स्टँडवरच धरायची.

"काय मास्तर, काय म्हनते समुद्र?"

"खवळला आहे."

"अजून? कोनावर बे?"

बाबांची चिंता वेगळी होती. आमच्याकडे त्या साली पावसानं ओढ दिलेली. ते आभाळाकडे बघून म्हणायचे, "इतका खवळला हाय, तं थोडं पानी इकडे काहून नाई फेकत?"

आत्याबाईनं मात्र मलाच उलटतपासणीला घेतलं.

"कोनी जाऊ नये म्हने?"

"मच्छीमारांनी."

"मंग आपल्याले कायची मनाई? आपन तं माळकरी मानसं! मासोळीले हात नाई लावत."

मी फक्त "नाही म्हणजे नाही" म्हणालो. ज्येष्ठाची अमावास्या गेली, आषाढाची गेली, श्रावणाची गेली. प्रत्येक अमावास्येला मी समुद्र खवळवला आणि प्रत्येक प्रतिपदेला आत्याबाई माझ्यावर खवळली. भाद्रपदात पितर आले, आश्विनात दिवाळी आली. कपाशीची पहिली वेचणी आटोपली तेव्हा मी हॉटेलात ऐकलं: समुद्र शांत! मी तिथंच टाळी वाजवली. हॉटेलवाल्याला वाटलं मला लॉटरी लागली.

कार्तिकाची अमावास्या ठरली. पण समुद्र शांत असला तरी अमावास्या ती अमावास्याच. तेव्हा मी शास्त्रशुद्ध तयारी करायचं ठरवलं, आणि इथंच माझी शिकलेली अक्कल पेंड खायला गेली. मी जाहीर केलं, की आत्याबाईला लाटांची सवय करून देण्यासाठी आधी गावतळ्यात तालीम होईल!

रविवारी सकाळी अख्खं गाव तळ्याच्या बांधावर, पाळीवर बसलं. मी हाफ पँट घालून कमरेएवढ्या पाण्यात. समोर गुडघाभर पाण्यात आत्याबाई, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, हातात नारळ. बाबा काठावर.

"हे पाहा आत्याबाई," मी मास्तरी आवाजात सुरू केलं. "लाटेकडं तोंड करायचं नाही. पाठ द्यायची. पाय रोवायचे. लाट आली की मी 'हां' म्हणीन, तू नाक धरायचं."

"अन् लाट कोठून येईन?"

"येईल असं समजायचं."

"समजून कायले? खरीच आन ना एखादी!"

पाळीवर हशा पिकला. मी चिडून दोन्ही हातांनी पाणी ढकलून लाट केली. ती आत्याबाईच्या काष्ट्यापर्यंतसुद्धा पोहोचली नाही. पाळीवरून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, इतक्या पान्यानं तं बी.ए. नाई, बिगरी पास होईन!" मी पाळीकडे तोंड करून लोकांना समुद्र म्हणजे काय हे समजावू लागलो. ("लाट ही कधीच न सांगता येत नाही, तिचं शास्त्र असतं..." असं मी म्हणत होतो.) त्याच वेळी माझ्या पाठीमागून पाटलाचा कळप तळ्यावर आला. उन्हात तापलेल्या म्हशींना पाणी दिसलं, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या एकदम आत आल्या!

म्हशी पाण्यात शिरतात तेव्हा पाणी कुठंतरी जातंच. ते माझ्याकडे आलं. मी लाटेला पाठ दिलेली होती, तेवढं शास्त्राप्रमाणं झालं. बाकी पाय वर, डोकं खाली, नाकात गाळ! एक म्हैस माझ्यावरून गेली की मी तिच्याखालून गेलो, यावर गावात अजून दोन मतं आहेत. मी वर आलो तो आत्याबाईच्या हातानं. तिनं मला मानगुटीला धरून उपसलं होतं. ती जागची हलली नव्हती. दुसऱ्या हातातला नारळ कोरडा होता!

"मले शिकवून राह्यला व्हता," ती पाळीकडे बघून म्हणाली, "अन् सोताच म्हशीखाली!"

माणसानं एकदा पाण्याचा मार खाल्ला की तो फार सावध होतो. चार म्हशींनी माझी ही दशा केली, तर अख्खा अरबी समुद्र काय करील? मी अमरावतीच्या वाचनालयात मुंबईच्या वर्तमानपत्रातून भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या, आणि अमावास्येच्या दिवशी पाणी सगळ्यात जास्त उतरलेलं असेल अशी वेळ निवडली. पहाटे उजाडताना! शिवाय बैलाचा नवा कासराही सोबत घेतला. तो आत्याबाईच्या कमरेला बांधायचा आणि दुसरं टोक बाबांनी धरायचं.

अकोल्याला आम्ही तिघं मुंबईच्या गाडीत बसलो. माय म्हणाली, "मी घर सांभाळतो." (तिला चार दिवस गाईच्या समोर बसून चहा प्यायचा होता.) रस्त्यात प्रत्येक स्टेशनावर "चाय गरम!" म्हणून खिडकीशी आरोळी उठे, आणि आत्याबाई डोळे मिटून जप करी. भुसावळला जप मोठ्यानं झाला. मनमाडला तिनं चहावाल्यालाच झापलं, "गरम हाय तं फुक ना बे, माह्यापाशी काहून बोंबलतं!" इगतपुरीला ती माझ्याकडे नुसतं बघत राहिली. बाबांनी माझ्या कानात सांगितलं, "बापू, उद्या समुद्र नाई भेटला तं तू परत येऊ नोको."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही किनाऱ्यावर उभे राहिलो. बाबांनी डाव्या बाजूला बघितलं. उजव्या बाजूला बघितलं.

"बापू, समुद्र कोठी हाय?"

"इथंच असते, बाबा."

"असते म्हंजे? आज सुट्टी हाय काय त्याले?"

माझं गणित इतकं अचूक निघालं होतं, की समुद्र पार आभाळाच्या कडेला जाऊन बसला होता! मधे सगळा चिखल. लांब कुठंतरी धोतराच्या काठाएवढी चकाकणारी रेघ दिसत होती. मी तिच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "तो बघा!" आवाजात जरा अभिमान आणायचा प्रयत्न केला, पण आला नाही.

निघालो. घोटाभर चिखल, मग पोटरीभर चिखल. आत्याबाई पुढे, बाबा कासरा धरून मागे, मी नारळ घेऊन शेवटी.

"बापू, इतका चिखल तं आपल्या वावरात हाय. तिकीट कायले काढलं?" बाबा मागे वळून म्हणाले.

सकाळी फिरायला आलेले एक गृहस्थ काठावरून ओरडले, "अहो, काही रुतलंय का? मदत पाहिजे?" बाबांनी कासरा पाठीमागे लपवला.

शेवटी पाणी लागलं. पायाच्या घोट्याएवढं! पाच महिने ज्याच्या भीतीनं मी अमावास्या टाळल्या, तो समुद्र आत्याबाईच्या लुगड्याचा काठसुद्धा धड भिजवत नव्हता. ती त्यात फतकल मारून बसली आणि मी लोट्यानं तिच्या डोक्यावर समुद्र ओतला. (लोटा भरायला तो तिरपा धरावा लागत होता.) नारळ सोडला, तर तो तरंगायचं नाव घेईना, चिखलात बसून आमच्याकडे बघत राहिला. मग आत्याबाईनं ओंजळ भरली आणि आचमन केलं. आता तिचं तोंड वाकडं होणार म्हणून मी एक पाऊल मागे सरलो.

तोंड वाकडं झालं नाही. तिनं पुन्हा एक घोट घेतला. जिभेवर घोळवला.

"अगं माय! बापू, हे तं आपल्या हिरीचं पानी हाय!"

"काय म्हनतं, बाई?" बाबांनी कासरा टाकून ओंजळ भरली. चव घेतली, विचार केला. "नाई. आपलं जरा जास्त कडक हाय."

मी खाली चिखलाकडे बघत उभा राहिलो. भूगोलात मला पहिला वर्ग होता.

काठावर येऊन आत्याबाईनं पाच महिन्यांनंतरचा पहिला चहा मागवला. बशी तोंडाला लावली.

"अळनी!" ती म्हणाली, आणि चहावाल्याला बशी परत देत समजुतीनं सांगितलं, "दादा, चिमूटभर मीठ टाकून दे यात."

गावी परत जाताना मी गाडीत तोंड लपवून बसलो होतो. आता स्टँडवर काय होणार ते मला माहीत होतं! माणसं जमलीच. "काय आत्याबाई, कसा व्हता समुद्र?" आणि आत्याबाई पदर सावरून जे बोलली, ते मला बी.ए.च्या निकालापेक्षाही अनपेक्षित होतं.

"काय सांगू बाप्पा! एवढा मोठा समुद्र, पन आमचा बापू काठावर उभा राह्यला अन् तो निस्ता सर-सर-सर मांगं सरकला! कोसभर! हे असते शिक्षन!"

गावानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तिला सामोरं जाणं अवघड होतं. पुढच्या पावसाळ्यात पूर्णेला पूर आला तेव्हा नदीकाठच्या लोकांनी मला मुद्दाम बोलावून काठावर उभं केलं. पूर्णा शिकलेली नव्हती. माझ्या दोन्ही चपला गेल्या.

पण खरी गंमत नंतरची. दोनेक वर्षांनी मी एम.ए.ला बसायचा विचार घरात काढला. बाबा खूश झाले. माय खूश झाली. आत्याबाईनं हातातली चहाची बशी हळूच खाली ठेवली आणि माझ्याजवळ सरकली.

"बापू, समुद्राहून मोठं पानी कोन्तं रे?"

मी भूगोलाचा मास्तर. उत्तर मला येत होतं. पाचही महासागर नकाशावर डोळे मिटून दाखवले असते! पण मी एकदा बशीकडे बघितलं, एकदा बाबांकडे बघितलं. माय तर उठून गोठ्याकडे निघालीसुद्धा होती.

"नसते, आत्याबाई," मी म्हणालो. "समुद्राच्या पुढं पाणीच नाही, म्हणजे बी.ए.च्या पुढं परीक्षाही नाही."

म्हणूनच मी आजतागायत नुसता बी.ए. आहे.