आडनावासकट तिखट

अन्याय माझ्या आईवर झाला. गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, अमरावतीहून वलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या भाड्याच्या गाळ्यात. करणारी बाई ओळखीची होती, येता-जाता हसून बोलणारी होती आणि तिचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही. त्यामुळे हा अन्यायच नाही असं समजावणारे मला पुष्कळ भेटले. हे त्यांनीही वाचावं.

आईचं मिरची कांडप तेव्हा जेमतेम महिन्याचं होतं. जुनं, वापरलेलं यंत्र, तीन मुसळं, एक चाळणी, कोपऱ्यात गव्हाची लहान चक्की. बाहेर पाटी, ‘मिरची, हळद, धने कांडून मिळतील’. बस, इतकीच. नाव नव्हतं. उन्हाळा म्हणजे आमच्याकडे घरोघर वर्षाचं तिखट करून ठेवायचे दिवस. बाया देठ खुडलेली, वाळवलेली मिरची घेऊन यायच्या, बाकावर पदर नाकाला लावून बसायच्या आणि खोकत खोकत सगळ्या कॉलनीच्या बातम्या सांगायच्या. पहिल्या महिन्यात बाकावर जागा मिळत नव्हती.

त्या सोमवारी मी भिंतीवर परवाना लावला. खाण्याच्या वस्तूंचा धंदा असला की तो दिसेल असा लावायचा, असा नियम आहे. आणि मी नियमावर बोट ठेवून भांडणारी. वसतिगृहाच्या पाण्यासाठी, अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी पत्रकं लिहिण्यात माझं कॉलेज गेलं. खिळा मीच ठोकला. परवान्यावर आईचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट.

ती बाई मागच्या कॉलनीतली. घरची काळीची शेती, मुलीचं लग्न तोंडावर. पाच किलो मिरची आणलेली. आईनं ती तोलून घमेल्यात ओतली आणि हाताला तेल लावायला वळली. बाईनं बसल्या बसल्या भिंत वाचली.

“हे तुमचंच नाव काय वं बाई?”

“हाव ताई. माह्यंच.”

“मले वाटलं तुमी...” एवढं म्हणून ती थांबली. मग उठली. “राहू द्या. आज घाई हाय. मंग पाहू.”

आणि तिनं स्वतःच्या हातानं घमेल्यातली मिरची परत पिशवीत भरली. तळाशी दोन मिरच्या राहिल्या होत्या, त्याही वेचल्या. बाकावरच्या बाकीच्या बाया बघत होत्या. त्यातली एक तिच्यामागून उठली.

पंधरा दिवसांत मिरची थांबली. गहू मात्र येत राहिला. मी आईला म्हटलं, हे काय गणित आहे? गहू चालतो आणि मिरची चालत नाही?

“गहू आठ दिसात खपते,” आई म्हणाली. “तिखट वर्षभर घरात बसते. पाव्हन्याले वाढा लागते.”

आता रागाची खरी गोष्ट सांगते. हा गाळा घेण्याआधी आठ वर्षं आईनं याच बायांची मिरची कांडली होती. चौकापलीकडच्या मोठ्या कांडपात, मजुरीनं. मालक गल्ल्यावर बसायचा, उदबत्ती लावायचा, वजन करायचा. आत, तोंडाला फडकं बांधून, वर-खाली होणाऱ्या मुसळांच्या मधून हातानं मिरची सारणारी माझी आई. तिच्यासोबत आमच्याच गल्लीतल्या दोघी. तिघींच्या हातांची आग रात्री खोबरेल तेलानंही जायची नाही. त्या सोमवारी परत गेलेल्या बाईच्या वरणात, भाजीत, पाहुण्यांच्या ताटात आठ वर्षं माझ्या आईच्या हातचं तिखट होतं. कुणाचं पोट दुखलं नाही.

मी आईला न विचारता पत्रक लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत हे सगळं. आईनं वाचायला लावलं, ऐकलं आणि कागद माझ्या हातातून घेऊन पोळपाटाखाली ठेवला.

“छापू नोको. त्या दोघी अजून तिथी काम करून राहिल्या.”

एवढ्यावर मला कळायला हवं होतं. कळलं नाही. कागद पोळपाटाखाली राहिला, तोंड मात्र माझ्याजवळच होतं. चार दिवसांनी मी चौकातून जात होते. मोठ्या कांडपापुढे रांग होती आणि रांगेत तीच बाई, लग्नासाठी आणखी एक पिशवी मिरची घेऊन. माझे पाय तिकडे वळले.

“काकू,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “आत कोण कांडून राहिलं, विचारलं का? त्यांचंही आडनाव विचारा ना एकदा. माझ्या आईचंच निघेल. आठ वर्षं माझी आईच होती आत!”

रांगेतल्या बाया माझ्याकडे वळल्या. यंत्र चालूच होतं. आतून दोघींनी मान वर केली. डोळेच दिसत होते, बाकी सगळं लाल. मला वाटलं, जिंकले.

ती बाई जराही गडबडली नाही. अगदी समजुतीनं म्हणाली, “पोरी, आत कोनी बी असते. आमी गल्ल्यावर कोन हाय थे पायतो.”

हे वाक्य मी पुष्कळदा मनात उलटंपालटं करून पाहिलं. इतकं स्वच्छ कुणी सांगत नाही. आम्हाला शिकवतात की हा विटाळाचा प्रश्न आहे, जुन्या समजुतींचा आहे, लोक शिकले की जाईल. आत आमचा घाम गळत होता तेव्हा कसला विटाळ झाला नाही. आम्ही गाळ्याची किल्ली कमरेला लावली तेव्हा झाला. राबा, पण मालक होऊ नका. एवढंच त्यांचं म्हणणं आहे, आणि ते एम.ए. झाल्यावरही तेच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकानं दोघींना कामावरून काढलं. गिऱ्हाईक बिथरतं, म्हणाला.

दोघी सरळ आमच्या दारात आल्या. वयानं मोठी होती ती ओट्यावर बसली. मला पाणीसुद्धा आणू दिलं नाही.

“तुही पोट्टी भर चौकात आमचं आडनाव वाचून आली,” ती आईला म्हणाली. “आता लेकरायले काय खाऊ घालू? आडनाव?”

धाकटी नुसती रडत होती. मी काही बोलायला गेले तर आई माझ्यावर कडाडली. “तू गप राय! तुले तोंड देल्लं देवानं, डोकं द्याचं राहून गेलं.” आम्ही देव मानत नाही. छप्पन साली आजोबांनी तो विषय संपवला. पण आईचा पारा चढला की देव परत येतो.

मग ती दोघींकडे वळली. “उद्यापासून इकडं या.”

“इकडं काय कांडाचं, माती?” थोरलीनं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. तीन बाया, तीन मुसळं आणि मिरची नाही. आईनं भिशीतला आपला नंबर आधी मागून घेतला, चांदूर बाजारच्या बाजारातून मिरचीची चार पोती आणली आणि सांगितलं, लोक देत नाहीत ना, मग आपलीच कांडू. आपलंच तिखट, पाकिटात. मी त्या पोत्यांची मिरची खुडत बसले. चार दिवसांत बोटं सुजली, डोळे सुजले. आई येता-जाता म्हणायची, “पत्रक लिव्हाले बरं होतं नाई?”

पाकिटावर लावायची चिठ्ठी छापायला आम्ही ज्याच्याकडे गेलो, तो माझी पत्रकं छापणाराच. त्यानं नमुने पुढे टाकले. एकावर देवी, एकावर मुसळ घेतलेली नऊवारीतली बाई.

“यातलं कोनतं बी घ्या. ‘माउली’ लय चालते.”

“माह्यं नाव टाक,” आई म्हणाली. “पुरं. आडनाव मोठ्या अक्षरात.”

“काकू, तिखट विकाचं हाय का नगरसेवक व्हाचं हाय?”

“तुह्या दुकानावर कोनाचं नाव हाय?”

“माह्यंच.”

“मंग? तू उभा हायेस काय निवडणुकीले?”

त्यानं छापलं.

अमरावतीत पाकिटं पाहिजे तशी उचलली गेली नाहीत. दुकानदार हातात घेत, नाव वाचत आणि ‘सध्या स्टॉक आहे’ म्हणत. म्हणून आम्ही अकोल्याला गेलो, किराणा बाजारातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडे. त्यानं चिमूटभर तिखट तळहातावर घेतलं, नखानं पसरलं, जिभेला लावलं आणि डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं.

“माल एक नंबर. आहे तेवढा सगळा घेतो. दर महिन्याले घेतो. पन खुला द्या, गोनीत. पाकीट माह्यं राहीन.”

“काहून?” आईनं विचारलं.

“लोकं चिठ्ठी वाचते ना बाई.”

“वाचासाठीच लावली.”

तो हसला. वाईट माणूस नव्हता. चहा पाजला, विचार करा म्हणाला. पाऊस महिन्यावर आला होता. तिखटाला ओल लागली की त्याच्या गाठी होतात, रंग उतरतो, मग कुणी फुकटही घेत नाही. घरी आल्यावर आईनं दोघींना समोर बसवलं आणि विचारलं, कारण पोट त्यांचंही होतं.

धाकटी म्हणाली, देऊन टाका. नावाचं काय लोणचं घालता? तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

मग थोरलीची पाळी. मला वाटलं, हीही तेच म्हणणार. ती म्हणाली, “गोनीत देल्लं तं आपन परत आतच गेलो. मालक अकोल्याचा, एवढाच फरक.”

माल दिला नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसले होते आणि तेच बरं झालं. धाकटी पेरणीच्या कामाला निघून गेली, अजून परतली नाही. पाकिटं मी पाठीवर घेऊन विकली. अमरावती, अकोला, जिथं कुणी दार उघडलं तिथं. एका घराचं सांगायलाच हवं. अकोल्यातला चांगला फ्लॅट, मोठ्या हुद्द्यावरचे साहेब, आपलेच. दिवाणखान्यात बुद्धाची तसबीर. चार किलो घेतलं, आईचं कौतुक केलं आणि दारात हळूच म्हणाले, “चिठ्ठ्या काढून देशील का गं? डब्यातच भरायचंय. वर-खाली सगळे शेजारी आहेत, उगाच कशाला.”

मी चारही पाकिटं परत घेतली. त्या चौकातल्या काकूंवर मी जेवढी चिडले, त्याच्या दुप्पट या साहेबांवर चिडले आहे. काकूंनी आमचं नाव नाकारलं. साहेबांनी स्वतःचंही नाकारलं.

पाऊस पडायच्या आत सगळं विकलं गेलं नाही. एका पोत्याचं तिखट खराब झालं. आईनं ते आवारात पुरलं आणि हात धुऊन म्हणाली, पुढच्या खेपेले आधी उन्ह दाखवू. काही घरांतून मात्र परत मागणी आली. चव लागली होती.

आता पुन्हा उन्हाळा लागला आहे. यंत्र चालू आहे, परवाना त्याच खिळ्यावर आहे, आई आणि थोरली आत आहेत आणि गल्ल्यावरही त्याच दोघी आळीपाळीनं बसतात. मिरची परत यायला लागली आहे, पण कशी येते ते ऐका. वलगावकडची एक शेतकऱ्याची सून सरळ येते, बाकावर बसते, खोकते, गप्पा मारते. तिच्यासारख्या आणखी चार-पाच. बाकीच्या पिशव्या ऑटोवाल्याच्या हातून येतात. कामवालीच्या हातून येतात. आमच्याकडे रांगेतल्या पिशव्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीवर नाव लिहायची पद्धत आहे. या पिशव्यांवर नाव नसतं. विचारलं तर ऑटोवाला म्हणतो, “मालकीन बोलली, नाव लिवू नोका.”

यातली एखादी पिशवी तुमची असू शकते. ती आम्ही नीट कांडली आहे, दोनदा चाळली आहे, जराही भेसळ केलेली नाही. यंदा तसं करू नका. ऑटोवाल्याला पाठवू नका. देठ खुडून, दोन उन्हं दाखवून मिरची स्वतः घेऊन या, भर दिवसा, आणि पिशवीवर तुमचं नाव तुमच्या हातानं लिहा. पूर्ण नाव.