पाठ, पीठ आणि पंगत

पाठ दुखणारे दोन म्हातारे बागेतल्या एका बाकावर बसवा. शेवेच्या डब्याच्या तळाला चुरा साठतो, तसे किस्से साठतात. मी तात्या. चौथी शिकलो, जन्मभर ट्रक चालवला. शेजारचे जोशीसाहेब बँकेतून रिटायर. मुलांच्या नोकऱ्यांपायी दोघंही जयपुरात, प्रताप नगरला येऊन पडलो. शिक्षणात जमीन-अस्मानाचा फरक, पण कंबर दोघांचीही कामातून गेलेली.

यंदा मराठी मंडळाचा सेक्रेटरी समीर, आयटीवाला पोरगा, मीटिंगमध्ये म्हणाला, "पाडव्याला पंगत नको, बुफे ठेवू. म्हातारी माणसं खाली बसली की उठवायला क्रेन लागते."

मी म्हणालो, "उभ्यानं खायचं ते घोड्यांनी."

"मग काका, तुम्ही दोघं मांडी घालून जेवा आणि कुणाचा हात न धरता उठा. जमलं तर पंगत कायम. नाहीतर कायमचा बुफे."

मी हो म्हणून बसलो. म्हणजे म्हणालो उभ्यानंच. बसायची हिंमत कुठं होती!

*

मग आम्ही दोघांनी गाठलं फिजिओथेरपीवाल्या राठौड मॅडमना. आमची मंडळी सोबत होती. तिची हिंदी अजून बेताची. मॅडमना विचारायचं होतं, मी रोज पाठ कडकड मोडतो का. त्यांच्या भाषेत त्या म्हणाल्या, "अंकलजी रोज़ पीठ चटकाते हैं क्या?"

आमची मंडळी ठसक्यात म्हणाली, "ना बाई, पीठ चटकाने का नहीं. मंद आंच पे भूनने का."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

*

जोशीसाहेब दर महिन्याला न्हाव्याकडून मान मोडून घ्यायचे. मी बाकाच्या कडेवर पाठ वाजवायचो. कडकन आवाज आला की हाड जागेवर आलं, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मॅडम म्हणाल्या, "हड्डी कहीं गई ही नहीं थी, तो वापस क्या आएगी? जोड़ में गैस का बुलबुला बनता है, उसी की आवाज़ है."

अंग ताणताना आपसूक वाजलं आणि दुखलं नाही, तर बिघडत नाही. पण दुसऱ्याच्या हाती मान देऊन हिसका मारून घ्यायचा नाही, आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर थेट डॉक्टर. एवढं त्यांनी बजावलं.

बाहेर आल्यावर जोशीसाहेब काळजीनं म्हणाले, "तात्या, पोटातल्या गॅसला चूर्ण घेतो. पाठीतल्याला काय घ्यायचं?"

*

मॅडमनी व्यायाम दिला. हात-गुडघे टेकायचे, पाठ मांजरासारखी वर फुगवायची, मग गाईसारखी खाली सोडायची. मी बागेत चालू केला. तेवढ्यात खरीच गाय येऊन शेजारी उभी राहिली. गाईला पहिली रोटी घालणाऱ्या एक बाई आल्या, गाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि थबकल्या.

जोशीसाहेब बाकावरून म्हणाले, "इनको भी दे दीजिए, सुबह से कुछ खाया नहीं."

*

मुलगा म्हणायचा, "बाबा, आराम करा. पडून राहा." स्वतः लॅपटॉपपुढं कोलंबीसारखा वाकडा. मॅडमचं सांगणं उलटं होतं. पडून राहिलं की पाठ आणखी आखडते. थोड्या थोड्या वेळानं उठायचं, चालायचं. मी उठता-बसता त्यालाही उठवायला लागलो. सून म्हणाली, "बाबा, ऑफिसची मीटिंग चालू आहे त्यांची."

म्हटलं, "मग त्या सगळ्यांनाच उठव."

*

पाडवा आला. पाटावर नाही, सतरंजीवर बसलो. समीर मुद्दाम आमच्या समोर बसला, नजर ठेवायला. श्रीखंड झालं, मसालेभात झाला. ताकभात संपला तसा सगळा हॉल आमच्याकडे वळला.

जोशीसाहेब आधी गुडघ्यावर आले. एक पाय रोवला, पाठ सरळ ठेवली आणि उठले. बायकांकडून टाळ्या. मग मी. घाई केली नाही. पाय रोवला, पोट आवळलं, उभा राहिलो. हात कुणाचाच नाही. वाढपी म्हणाला, "पंगत कायम!" आणि हॉल दणाणला.

सगळे हात धुऊन आले. सतरंजी गुंडाळायला माणसं खोळंबली. समीर मात्र मांडी घालून तसाच.

"अजून थोडा भात वाढा," तो वाढप्याला म्हणाला.

वाढला. तो खाऊन झाला.

"अजून थोडा."

त्याची बायको माझ्याशेजारी उभी होती. म्हणाली, "कमाल आहे काका. घरी हा भाताला शिवत नाही."