दोरीवरचा टॉवेल

आईने माझी नवी ब्रा दोरीवर वाळत घातली आणि सवयीने तिच्यावर टॉवेल पसरला. आमच्या घरात ब्रा कधी उघडी वाळलीच नाही. समोरच्या गॅलरीतून कुणी पाहील म्हणून कायम ओलसर राहायची, आणि मी तशीच अंगात घालायचे.

छातीचा भार ऑपरेशनने कमी करून घ्यायचं ठरलं, तेव्हाही मी असंच झाकून बोलले. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांत खाचा पडल्या होत्या, मान सतत दुखायची. पण आईला सांगताना नजर जमिनीवर. "धडधाकट अंगाला सुरी कशाला लावून घेतेस गं?" ती म्हणाली होती. मी ओढणी सारखी करत राहिले.

तो प्रश्न अजून डोक्यात आहे. आज डॉक्टरांनी ऑपरेशनची पट्टी काढली, तेव्हा मी छताकडे बघत पडले होते. घरी आल्याबरोबर बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकला. आजार असता तर नशिबाला बोल लावला असता. हे तर मी मागून घेतलंय. वेडंवाकडं दिसलं तर कुणावर चिडू?

आईला काय वाटलं कोण जाणे. तिने दोरीवरचा टॉवेल ओढून काढला. "ऊन लागू दे तिला. दमट राहिली तर टाक्यांना त्रास होईल तुझ्या."

मी बाथरूमची कडी लावली. आरशावरच्या टॉवेलचं टोक हातात धरलंय. बाहेर दोरीवर ती एकटीच, उघडी, वाळते आहे.