स्टेशनाच्या कुंपणात लागलेलं लग्न

कोल्हापूर मी पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्या लग्नाला गेलो तेव्हा, आणि पाहिलं म्हणजे स्टेशन पाहिलं. शहर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. तिथवर पोहोचायला आम्हांला बरेच दिवस लागले.

महाराजांना गादीवर येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि मुलखात प्लेग फिरत होता. आमचं गाव मिरजेच्या बाजूचं. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. मिरजेत माणसं दगावल्याचं कानावर येई, पण आमच्या गावात सगळे धडधाकट होते, त्यामुळे लग्न पुढं ढकलावं असं कुणाच्या मनात आलं नाही. मुलगी कोल्हापुरातल्या एका गुळाच्या अडत्याची. दिवस वैशाखाचे. दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त होता, म्हणून आम्ही वऱ्हाडी आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं मिरजेहून निघालो.

आई माझ्या लहानपणीच गेली होती. घरातले म्हणून वडील, काका आणि काकू, बाकी गावची मंडळी. काकांनी या लग्नासाठी लोकरीचा कोट शिवून घेतला होता. चुरगळेल म्हणून तो पेटीत ठेवायला ते तयार नव्हते. घरून निघताना त्यांनी तो अंगात घातला, बैलगाडीत घातला, आगगाडीतही घातला. गळ्यापर्यंत बटणं लावून ते डब्यात ताठ बसले होते आणि त्यांच्या कानामागून घामाच्या धारा वाहत होत्या.

कोल्हापूरला उतरल्यावर फलाटावरच सगळ्यांना रांगेत उभं केलं. मिरजेकडून येणाऱ्या माणसाची तपासणी झाल्याशिवाय त्याला शहरात सोडायचं नाही, असा हुकूम होता. डॉक्टर पुण्याकडचे होते, बोलणं थोडकं. प्रत्येकाच्या काखा चाचपून ते पुढं सरकत होते. काकांपाशी आल्यावर त्यांनी त्यांच्या तोंडात काचेची नळी धरली, ती उजेडात पाहिली.

"ताप आहे," डॉक्टर म्हणाले.

"ताप न्हाय, कोट हाय," काका म्हणाले.

डॉक्टरांनी कोट काढायला लावला. कोट काढल्यावरही ताप होताच. गाठ कुठं नव्हती, पण नियमाला गाठीची गरज नव्हती. ताप असलेला माणूस आणि त्याच्याबरोबरची सगळी माणसं ठरावीक दिवस छावणीत, मग ताप उतरो वा न उतरो, असा तो नियम होता. स्टेशनाला लागून मोकळ्या माळावर तट्ट्याच्या झोपड्या बांधल्या होत्या, भोवती तारेचं कुंपण आणि फाटकावर शिपाई. काकांना कोपऱ्यातली वेगळी झोपडी मिळाली. आमचे कपडे औषधाच्या पाण्यातून काढून वाळत घातले. त्यात माझा लग्नाचा फेटाही होता.

सासरे घोडा आणि वाजंत्री घेऊन आम्हांला न्यायला स्टेशनावर आले होते. वऱ्हाड बाहेर येईना म्हणून ते कुंपणापाशी आले. आम्ही आत बसलेले पाहून त्यांची समजूत झाली की वरपक्ष रुसला आहे.

"पावणं, काय चुकलं व्हय आमचं?" त्यांनी वडिलांना विचारलं.

"चुकलं न्हाय. आमच्या भावाला ताप हाय."

त्यांना ते खरं वाटलं नाही. त्यांनी मागच्या माणसाकडून जरीचं पागोटं घेतलं आणि काकांचा रुसवा काढण्यासाठी म्हणून आत फेकलं. काकांनी ते उचलून डोक्याला बांधलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत रुसायचं त्यांचं ठरलेलं होतं, हे आम्हां घरच्यांना ठाऊक होतं. आता ते कारण संपल्यामुळे ते थोडे हिरमुसले.

मग डॉक्टर आले आणि त्यांनी सासऱ्यांना सगळं नीट सांगितलं. सासऱ्यांच्या घरी मांडव पडला होता, आचारी बसले होते, आणि आमच्या पत्रिकांना जुळणारा यानंतरचा मुहूर्त थेट चातुर्मास संपल्यावर होता. ते तारेला धरून डॉक्टरांकडं वळले.

"नवरीला आत जाता येतं का?" त्यांनी विचारलं.

"आत जाता येतं," डॉक्टर म्हणाले. "परत बाहेर येता येत नाही."

"मग ते नेहमीचंच हाय की," सासरे म्हणाले.

पण वडिलांनी त्यांना थांबवलं. "विचार करा. पोरीच्या जिवाचा सवाल हाय." सासरे घोडा घेऊन परत गेले. वाजंत्रीवाले मागून मुकाट्यानं चालत गेले. मला वाटलं, लग्न मोडलं. काकू म्हणाल्या, "मोडलं तर कोटाचं काय करायचं?"

दिवस उजाडता उजाडता सासूबाई स्वतः कुंपणापाशी आल्या. त्यांना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तापवालं कोण?" म्हणाल्या. काका पागोटं घालून पुढं झाले. सासूबाईंनी बाहेरूनच त्यांना चालायला लावलं, खाली बसवलं, उठवलं, जीभ काढायला सांगितली. काकांनी जीभ काढली. ताप पहाटेच उतरला होता, हे शिपायानंही सांगितलं. डॉक्टरांना त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही रोज आत जाता?" डॉक्टर म्हणाले, "रोज." सासूबाई घरी गेल्या आणि मुलीला घेऊन आल्या. फाटकातून दोघीच आत आल्या.

आता अडचण मामाची झाली. मुलीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, पण तिच्या मामाला आत यायचा धीर झाला नाही. आमच्या आधीपासून छावणीत मिरजेचे एक म्हातारे मुसलमान कारागीर होते. तंबोरे बनवायचे. एका गवयाकडं दोन तंबोरे पोचवायला निघाले होते आणि तंबोऱ्यांचे भोपळे औषधाच्या पाण्यात बुडवू देणार नाही म्हणून डॉक्टरांशी रोज शांतपणे वाद घालत होते. सासूबाई त्यांच्यापाशी गेल्या.

"आमच्या बाजूचं हितं कुणी न्हाय. तुम्ही उभं ऱ्हाता का?"

"ऱ्हातो की," ते म्हणाले. तोंड धुऊन आले, टोपी नीट केली आणि माझ्या बायकोच्या मागं उभे राहिले.

भटजी कुंपणाबाहेर होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "मामा आले का?" सासूबाई म्हणाल्या, "आलेत." भटजींनी पुढं काही विचारलं नाही. अंतरपाट म्हणून छावणीतलीच एक चादर धरली. तिला औषधाच्या पाण्यातल्या कार्बोलिकचा असा उग्र वास होता की आम्हां दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि बाहेरच्या बायकांना ते पाहून भरून आलं. मंगलाष्टकं चालू असताना यार्डातलं इंजिन शिट्टी घालू लागलं. भटजी आवाज चढवत राहिले, इंजिनही. "सावधान" केव्हा झालं ते आत कळलं नाही, बाहेरच्यांनी अक्षता टाकल्या म्हणून आम्हीही टाकल्या. शिट्टी थांबल्यावर वडिलांनी ओरडून विचारलं, "लागलं का?" भटजी म्हणाले, "लागलं."

जेवण तारेवरून आत आलं. काकूंनी या नव्या मामांना मानाचं उपरणं दिलं. पुढं मिरजेला गेलो की माझी बायको त्यांच्या दुकानाच्या पायरीशी थांबून "मामा" अशीच हाक मारायची, आणि ते तंबोऱ्याची तार लावता लावता "ये पोरी" म्हणायचे.

त्या काळी नव्या नवरा-बायकोनं चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती. छावणीत मात्र दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. बायकांची झोपडी वेगळी होती, पण संध्याकाळी सगळे कुंपणाशी उभं राहून गाड्या बघत. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी ती माझ्यापासून थोड्या अंतरावर उभी राहिली आणि गाडीकडं बघतच म्हणाली, "तुमच्या काकांना असा ताप नेहमी येतो का?"

"नाही. कोट नवा आहे," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेबद्दल विचारलं, मग घरातल्या विहिरीबद्दल, मग माझ्या आईबद्दल. आईबद्दल मला तोवर कुणी इतकं सविस्तर विचारलं नव्हतं. जेवढं आठवत होतं ते मी सगळं सांगितलं.

सुटका झाली त्या दिवशी सासऱ्यांनी टांगे आणले. अंबाबाईचं दर्शन झालं. देवळाबाहेर पडल्यावर तिनं मला रंकाळा कुठल्या बाजूला, तालमी कुठं, बांगड्या कुठं चांगल्या मिळतात, हे पदराआडून हळू आवाजात सांगितलं. शहर तिचं होतं आणि दुपारी ते सोडून जायचं होतं.

परतीची गाडी उशिरा सुटणार होती. सासूबाई फलाटावर डब्यापाशी उभ्या राहिल्या. मुलीला जे सांगायचं ते त्यांनी छावणीत सांगून संपवलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मग बाकावर बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी शेजारच्या घरी जाणाऱ्याला करावा तसा हात केला. मुलीनंही तसाच केला.

पंचगंगेच्या पुलावर गाडी आल्यावर मात्र ती रडू लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं. मी दुसऱ्या खिडकीतून नदी बघत राहिलो. नदीला पाणी थोडंच होतं आणि म्हशी बसल्या होत्या.